कार्लाचं हरण

गोळीचा आवाज झाला तेव्हा व्हर्नर रुओना चुलीत लाकूड सारत होता. त्याचा हात तिथंच थांबला. पंधरा नोव्हेंबर, शिकारीचा पहिला दिवस. रानात पहाटेपासून आवाज होतच होते. पण दुपार कलताना आलेला हा जवळचा होता, आणि कुठून आला ते त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. बीव्हर नावाच्या पाणजनावरांनी ओढ्यात घातलेल्या बांधाकडून. तिथल्या मचाणावर आज त्याची नात कार्ला होती.

चार-पाच श्वास गेले असतील नसतील, तोच दुसरा आवाज आला. जरा पलीकडून, ओढ्याच्या अंगानं. तो रॉयचा.

"दोन," व्हर्नर म्हणाला.

त्याचा थोरला मुलगा मेल्विन टेबलाशी बटाटे सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. "ऐकले."

"पहिला तुझ्या पोरीचा."

"तेही ऐकलं, बाबा."

पण पुढचा बटाटा त्यानं हातात घेतला तो सोललाच नाही. नुसता फिरवत बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, कागद कारखान्यातल्या बॉयलरपाशी उभं आयुष्य काढलेला, पण त्या क्षणी तो परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखा दिसत होता. दरवर्षी तो रानातल्या ह्या शिकारीच्या कॅम्पवर येई, पहिल्या सकाळी दोन तास मचाणावर बसे आणि एकही गोळी न उडवता परत येऊन स्वयंपाकाला लागे. एकतीस वर्षं हेच. त्याचा धाकटा भाऊ रॉय त्याला 'आचारी' म्हणायचा आणि सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यांदा व्हर्नर.

"जायचं ना बघायला?" व्हर्नरनं कोट ओढला.

"तुमचे गुडघे?"

"माझे गुडघे माझ्याबरोबर येतील."

दोघं बाहेर पडले. घोट्यापर्यंत बर्फ होतं, आदल्या रात्रीचं, मऊ. व्हर्नरच्या शहात्तर वर्षांच्या पायांना बांधापर्यंतची वाट पूर्वी सात मिनिटांची होती, आता वीस मिनिटांची झाली होती. मेल्विन पुढं जाऊन थांबत होता, मागं बघत होता, पुन्हा चालत होता. त्याला पळत सुटायचं होतं हे म्हाताऱ्याला दिसत होतं.

बांधाजवळ बर्फावर पहिलं रक्त लागलं. व्हर्नर वाकला. लालभडक, आणि त्यात बारीक बुडबुडे. पुढच्या प्रत्येक उडीपाशी तसंच, आणि दर उडीगणिक जास्त. पन्नास वर्षं तो हे वाचत आला होता. असं रक्त फुप्फुसाचं. फुप्फुसात गोळी घेतलेलं जनावर शंभर-दीडशे पावलं धावतं आणि पडतं. मग त्याला आणखी कुणी गोळी घालो वा न घालो.

त्यानं मेल्विनकडं पाहिलं. मेल्विननंही ते वाचलं होतं.

ओढ्याच्या वळणावर दोघं उभे होते. कार्ला, नाक-कान लाल, टोपी हातात, गालावर ओघळ. आणि रॉय, एक गुडघा टेकून, शिंगाला हात घालून.

"या, बाबा, या! बघा काय आडवा केलाय!" रॉयचा आवाज नेहमीसारखाच झाडांतून घुमला. "दहा टोकं! मोजा हवं तर. ह्या कॅम्पवर तुमच्या वडिलांपासून आजपर्यंत दहा टोकांचा नर कुणी आणलाय?"

"मी मारलाय, आजोबा," कार्ला म्हणाली.

रॉय हसला. "तू मारलास, मी पाडला."

"ग्लोव्ह काढायला सुद्धा वेळ मिळाला नाही," कार्ला सांगू लागली. शब्द एकमेकांवर आदळत होते. "तो बांधावरून आला. थांबला. मला वाटलं, त्यानं बघितलं मला. मग त्यानं मान फिरवली तेव्हा खांद्यामागं नेम धरला, तुम्ही सांगितलं होतंत तसा. उडी मारली त्यानं. शेपटी खाली घालून पळाला. मी जागेवरून हलले नाही, शंभर मोजून मगच माग काढायचा असं ठरवलं होतं. तेवढ्यात काकाची गोळी ऐकली."

"कारण तो सरळ माझ्यासमोर आला, राणी. धडधडीत चार पायांवर. मी नसतो तर आत्ता दलदलीत असता आणि तू उद्यापर्यंत शोधत बसली असतीस."

कार्लानं कोटाच्या खिशातून परवान्याची पट्टी काढली. मारलेल्या जनावराच्या शिंगाला मारणाऱ्यानं आपली पट्टी बांधायची, हा सरकारचा कायदा. कार्ला पंचवीस वर्षांची होती, गावातल्या दवाखान्यात नर्स होती. परवाना तिनं आयुष्यात पहिल्यांदाच काढला होता. ती खाली वाकली.

रॉयनं तिच्या मनगटावर हात ठेवला. रागानं नाही. लहान मुलाला शेगडीपासून अडवावं तसा.

"थांब जरा. आधी म्हातारबुवांना उघडू दे."

व्हर्नर बर्फात बसला. कॅम्पवर हे काम त्याचंच होतं, दुसऱ्या कुणाला तो सुरीला हात लावू देत नसे. मेल्विननं न सांगता मागचा पाय धरला. सुरी पोटावरून सरकली, वाफ उठली, तो ओला उष्ण वास आला. त्यानं बाही वर करून हात आत घातला. फुप्फुसं फाटून गेली होती. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं पार. रॉयची गोळी मागच्या मांडीत होती. हाड मोडलं होतं, बस.

"कार्लाची फुप्फुसात आहे," तो म्हणाला. "तुझी मांडीत."

"बरं, मग? पळतं जनावर मांडीतल्या गोळीनं खाली बसलं ना?" रॉय उठून उभा राहिला. "हे बघा, मी काही पोरीच्या तोंडचा घास काढत नाही. फोटो दोघांचा काढू. मी शिंगं धरतो, ती बाजूला. दुकानात काउंटरच्या मागं लावतो, मोठा करून. खाली तिचंही नाव घालतो."

"माझंही?" कार्ला म्हणाली.

"अगं, माणसं माझ्या दुकानात बंदुका घ्यायला येतात. त्यांना काय सांगू, माझ्या पुतणीनं मला—"

"रॉय." मेल्विन बोलला. पाय अजून त्याच्या हातात होता. "तिचं तिला दे."

क्षणभर कुणालाच खरं वाटलं नाही. मेल्विन असा मध्ये कधी बोलत नसे.

"अरे वा! आचारी बोलला." रॉय हसला, पण त्याचं त्यालाही ते हसणं जमलं नाही. "मेल, तू ह्यात पडू नकोस. तुला ह्यातलं काय कळतं? जन्मात एक ससा तरी मारलायस?"

"काका!" कार्ला ओरडली.

"मी चुकीचं बोलतोय? सांग ना. बरं, माझं राहू दे. बाबा, तुम्हीच सांगा. माझ्या पहिल्या हरणाच्या वेळी तुम्ही काय म्हणालात? ह्याच ओढ्यावर. मेलनंही गोळी घातली होती, मीही घातली होती. तुम्ही म्हणालात, 'ज्याच्या गोळीनं पडलं त्याचं.' हेच शब्द. मी चौदा वर्षांचा होतो. मला ते शब्द अजून पाठ आहेत. मग कायदा तेव्हा एक आणि आता दुसरा, असं कसं?"

व्हर्नर हात बर्फानं पुसत होता. बर्फ गुलाबी झालं.

हे शब्द त्यानं उच्चारले होते, हे खरं होतं. त्या साली तो स्वतः पंचेचाळीस वर्षांचा होता, आज रॉय आहे तेवढाच. रॉय दहा महिने अंथरुणावर होता. सांध्यांचा ताप हृदयावर गेला होता आणि डॉक्टरनं एकदा व्हर्नरच्या बायकोला, हेल्मीला, बाहेर बोलावून सांगितलं होतं की तयारी ठेवा. पोरगं वाचलं, पण काठीसारखं झालं. शाळेत त्याला ढकलून पाडायचे. घरी आला की भिंतीकडं तोंड करून झोपायचा, जेवायचा नाही. कॅम्पला निघताना हेल्मीनं वेलचीच्या पावाची पिशवी व्हर्नरच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या पोराला काहीतरी घेऊन येऊ दे घरी." एवढंच. हेल्मी जाऊनही आता तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी हरणाच्या छातीतून जी गोळी त्याच्या बोटांना लागली ती जाड होती. मेल्विनच्या बंदुकीची. रॉयच्या बारीक गोळीनं कान तेवढा फाटला होता. व्हर्नरनं ती जाड गोळी मुठीत धरली, मूठ खिशात घातली आणि हरण रॉयच्या गोळीनं पडलं असं सांगून ते वाक्य म्हटलं. मेल्विन तेव्हाही मागचा पाय धरून बसला होता. सतरा वर्षांचा. त्यानं बापाचा हात खिशात जाताना पाहिला, आणि मग नजर हरणावर नेली. मग व्हर्नरनं फोटो काढला. रॉय एवढा हसला की नंतर त्या हिवाळ्यात घरातलं कुणीही कधी उदास झालं की तो फोटो काढून बघे. पोरगं जेवायला लागलं. वसंतापर्यंत त्याच्या अंगावर मांस चढलं होतं.

हे सगळं ठीकच झालं असं व्हर्नरनं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की पुढं पुढं सांगावंही लागत नव्हतं. पण आता समोर मेल्विनची पोर उभी होती, हातात पट्टी घेऊन, आणि तिच्या मनगटावर रॉयचा हात पुन्हा आला होता.

"तेव्हा मी खोटं बोललो," व्हर्नर म्हणाला.

"काय?"

"ते हरण मेलचं होतं. तुझी गोळी कानाला लागली होती. छातीतली त्याची होती. मी काढून खिशात टाकली. तुला आजारपणातून उठवायचं होतं, म्हणून. आता कार्लाचं तिला बांधू दे."

ओढ्याच्या काठाला बर्फाखाली पाणी वाहत होतं.

रॉयनं हात काढून घेतला. तो बापाकडं बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याची मान भावाकडं वळली.

"तुला माहीत होतं?"

मेल्विन दोर उलगडत होता. गाठ नव्हती तरी गाठ सोडवत होता.

"मेल. तुला माहीत होतं का?"

"हो."

"केव्हापासून?"

"तेव्हाच."

रॉयनं दोनदा मान हलवली. पंचेचाळीस वर्षांचा धिप्पाड गडी, ज्याच्या दुकानात माणसं गोळ्या विकत घ्यायला येत आणि गोष्टी ऐकत बसत. आणि त्यातली पहिली गोष्ट कुठली, हे गावातल्या कुणालाही विचारावं. व्हर्नरला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कार्ला, पट्टी बांध," रॉय म्हणाला. "कॅमेरा कुठंय तुझा?"

"काका, राहू दे—"

"दे इकडं. उजेड जातोय."

तो हरणापाशी बसला. बाहेर आलेली जीभ त्यानं दोन बोटांनी आत सारली आणि जबडा मिटवला. नाकावरचं रक्त बर्फानं चोळून काढलं, मग स्वतःच्या रुमालानं पुसलं. पोटाच्या बाजूला ताजं बर्फ लोटून ते उघडं अंग झाकलं. पाय दुमडून पोटाखाली घातले. हे सगळं तो एरवी बडबड करत, विनोद सांगत करायचा. आज एक शब्द न बोलता, आणि एरवीपेक्षा जास्त काळजीनं.

"मागं बस. शिंगं खालून धर, वरून नको, बोटं दिसतात. बंदूक आडवी. नळी तिकडं. आता हास."

कार्लाला हसता येईना.

"असू दे. तशीच बघ."

त्यानं तीन फोटो काढले. चौथ्याला बटण दाबलं आणि रोल संपला. रीळ गुंडाळल्याची घरघर झाली. त्यानं कॅमेरा कार्लाच्या मांडीवर ठेवला, तिच्या टोपीवर एक टपली मारली आणि म्हणाला, "छान नेम होता. मला जमला नसता." मग बंदूक खांद्यावर टाकून तो कॅम्पकडं निघाला. तिथं त्याची गाडी उभी होती.

व्हर्नर उठायला लागला. गुडघ्यानं साथ दिली नाही. "रॉय! अरे, ऐक तरी—"

"बसा खाली," मेल्विन म्हणाला.

मेल्विनच्या तोंडून असा आवाज व्हर्नरनं कधी ऐकला नव्हता. तो बसला.

"काय मिळवलंत?"

"मेल, तुझी पोर होती म्हणून मी... तुला न्याय—"

"मला? मी मागितला होता?" मेल्विननं दोर खाली टाकला. "एकतीस वर्षं मी तोंड मिटून बसलो. तो मला आचारी म्हणायचा, तुम्ही हसायचात, मी पुढच्याला वाढायचो. का? तर त्याला कधी कळू नये म्हणून. हे एकच काम मी नीट केलं होतं. आणि तुम्ही एका वाक्यात ते मोडून टाकलंत. मांडीतली गोळी आहे, तिनं हरण मेलं नसतं, एवढं सांगून भागलं असतं. तो कुरकुरला असता आणि संध्याकाळी विसरला असता."

"ते हरण तुझं होतं, मेल."

"मला हरण नको होतं हो, बाबा." त्याचा आवाज एकदम बसला. "मला बाजूला घेऊन म्हणायचंत की, मेल, धाकट्याला देऊ या. मी दिलं असतं. हसत दिलं असतं. आई जे म्हणाली ते मीही ऐकलं होतं, दाराशी मीच उभा होतो. तुम्ही मला विचारलं नाहीत. तुम्ही गोळी खिशात घातलीत आणि मी बघतोय हे दिसूनही माझ्याकडं बघितलं नाहीत."

व्हर्नर सुरीचं पातं बर्फात पुसत राहिला.

"मग तू पुन्हा कधी गोळी का नाही उडवलीस?" हे कार्लानं विचारलं. ती अजून हरणामागंच बसून होती.

मेल्विननं तिच्याकडं पाहिलं. जणू ती तिथं आहे हे तो विसरलाच होता.

"समोर आली होती ग हरणं," तो म्हणाला. "पुष्कळ आली. पण मारलं असतं तर आजोबांनी कॅमेरा काढला असता. त्या कॅमेऱ्यासमोर मला उभं राहायचं नव्हतं."

वर कॅम्पच्या बाजूला गाडी सुरू झाली. मेल्विन पळत सुटला. व्हर्नरनं त्याला इतक्या वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं. बर्फात पाय फाकत, हात हलवत, हाका मारत. मग दुसरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि दोन्ही आवाज एकामागून एक रस्त्याकडं गेले.

हरण ओढायला दोघंच उरले. कार्लानं दोर शिंगांना बांधून कमरेला घेतला. व्हर्नर मागून ढकलत होता, निदान ढकलतोय असं वाटेल एवढं. दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं.

"मी आलेच नसते तर बरं झालं असतं," कार्ला एका थांब्यावर म्हणाली.

"तुझा काही दोष नाही."

"दोषाचं नाही म्हणत. फोटोच्या वेळी शिंगाखाली हात घातला ना, तर मान अजून गरम होती. आणि मी दात काढायचा प्रयत्न करतेय." तिनं हात कोटाला पुसले. "आजोबा, तुमच्या पहिल्या वेळी असं झालं होतं?"

"आठवत नाही," व्हर्नर म्हणाला. हे खरं नव्हतं. दोन पावलं गेल्यावर तो म्हणाला, "झालं होतं. मी झाडामागं जाऊन ओकलो होतो. वडिलांनी बघितलं. कुणाला सांगितलं नाही."

"मग तुम्हीही कुणाला सांगू नका, मी रडले ते."

"नाही सांगत."

अंधारायच्या आत त्यांनी हरण कॅम्पपर्यंत आणलं. ओंडक्याला टांगायला दोघांचं बळ पुरेना, तेव्हा पायऱ्यांशीच ठेवलं. आत चूल विझत आली होती. सोललेले बटाटे पाण्यात होते. कार्लानं चुलीत लाकडं घातली, व्हर्नर खिडकीशी बसला.

साडेपाचला एकच गाडी परत आली.

मेल्विननं आत येऊन बूट काढले, ओळीत ठेवले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाहेर बघितलं. मोठा आहे ग. उद्या टांगू." मग तो बटाट्यांकडं वळला.

"भेटला?" व्हर्नरनं विचारलं.

"पुलापाशी थांबला होता."

"काय म्हणाला?"

मेल्विननं पातेलं चुलीवर ठेवलं. मांसाचे तुकडे टाकले, कांदा टाकला. बराच वेळ परतत राहिला.

"म्हणाला, 'मी तुला आचारी म्हणायचो, तेव्हा तुला काय वाटायचं?' मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाला, 'खोटं बोलू नकोस, ह्या घरात तेवढं पुरे झालं.' मग रडला. मीही. मग म्हणाला, दुकानात लावलेला पहिल्या हरणाचा तो फोटो आज जाऊन काढतो. मी म्हटलं, नको काढूस, गावाला काय सांगशील. तर म्हणाला, तेच तर कळत नाही." त्यानं झाकण ठेवलं. "घरी गेला. ह्या वर्षी यायचा नाही. पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही."

"उद्या सकाळी मी जातो त्याच्याकडं," व्हर्नर म्हणाला. "समजावतो. त्याला सांगतो की त्या वेळी त्याच्या आईनं—"

"बाबा." मेल्विन वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. "आता तुम्ही काही नीट करायला जाऊ नका."

कार्लानं ताटल्या मांडल्या. मेल्विननं वाढलं, आधी बापाला, मग लेकीला, मग स्वतःला, नेहमीच्या क्रमानं. व्हर्नरनं पहिला घास घेतला. कालवणात मीठ कमी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मेल्विनचा हात चुकला होता.

मिठाची बरणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. व्हर्नरनं ती मागितली नाही. खाली मान घालून त्यानं ताटली शेवटपर्यंत संपवली.